भर शहरात राहावं की उपनगरात? (गावांची नावं न घेता सांगा)

समिधा
मंडळी, घरात गेले काही महिने एकच विषय चालू आहे. आपापसात बोलून त्याचा पार चोथा झाला, म्हणून आता इथे आणतेय.

सध्या भर शहरात भाड्याने राहतो. जागा लहान, इमारत जुनी, खिडकी उघडली की रस्ता थेट घरात. पण सगळं हाताशी आहे. नवऱ्याचं ऑफिस जवळ, मुलीची शाळा चालत, सासूबाईंचं वाचनालय आणि दवाखाना कोपऱ्यावर. मी बरेच दिवस घरून काम करते. माझी मीटिंग सुरू झाली की मुलगी दप्तर उचलून स्वयंपाकघरात जाते, कारण जायला दुसरी खोलीच नाही.

भाडं भरत राहण्यापेक्षा आता स्वतःचं घर घ्यावं असं चाललंय. हाताशी आहेत त्या पैशांत इथे आत्ताइतकीच जागा येईल. उपनगरात एक खोली जास्त, बाल्कनी, खाली झाडं. मात्र नवऱ्याला जाऊनयेऊन दीड-दोन तास जास्त लागतील.

दोन्हीकडे राहून पाहिलेल्यांनी कृपया लिहा. एक विनंती: आपापल्या शहराचं नाव घेऊ नका आणि भाव सांगू नका. नाव आलं की तिसऱ्या प्रतिसादापासून 'आमचं गाव, तुमचं गाव' सुरू होतं आणि मूळ प्रश्न कुठल्या कुठे वाहून जातो.

कट्टेकरी
शहर. पुढचा प्रश्न?

फुलपाखरू
खुर्ची टाकून बसले आहे. येऊ द्या.

निवांत_नाना
समिधाताई, आम्ही आयुष्याचा मोठा भाग भर चौकात काढला आणि मुलं मोठी होताना उपनगरात आलो. परत जायचा विचार एकदाही मनात आला नाही.

उजेड-वारा वगैरे सगळे सांगतीलच. मी झोपेचं सांगतो. 'आम्हाला सवय आहे, आम्हाला हॉर्न ऐकूच येत नाही' असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. कानाला सवय होते, शरीराला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी आवाजाचे निकष काढले, त्यात रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज दिवस-रात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या खाली आणि रात्रीपुरता ४५ च्या खाली असावा असं म्हटलंय. भर शहरातल्या कुठल्याही हमरस्त्यावरच्या खिडकीत हे आकडे म्हणजे विनोद आहे. इकडे आल्यावर आमच्या हिच्या रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, कारण एकच असेल असं नाही. आम्ही मात्र श्रेय बाल्कनीला दिलं.

आणि मुलं खाली खेळायला जाऊ शकतात, कोणी सोबत न जाता. याची किंमत कशात करणार?

उंबरठा
नाना, झोप शांत लागते हे मान्य. पण झोपायला घरी पोचायचं कधी?

चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलेली एक गंमत सांगतो. माणूस कुठल्याही काळातला असो, सरासरीने दिवसाला साधारण एक तास प्रवासाला देतो, जायला अर्धा आणि यायला अर्धा. पायी चालायच्या काळात शहरं म्हणून पाचेक किलोमीटर रुंदीच्या आत राहिली. आगगाडी आली, ट्राम आली, मोटार आली, तशी शहरं पसरली. वेग वाढला म्हणून कोणी लवकर घरी आलं नाही, सगळे लांब राहायला गेले.

समिधा यांच्या घरी तो तास आत्ताच जवळपास खर्च होत असेल. त्यावर आणखी दोन म्हणजे माणूस कुठून तरी ते काढणार. झोपेतून, व्यायामातून, नाहीतर मुलीच्या वाट्यातून.

गणित_कच्चं
माझ्यासारख्यांसाठी सोपं करून: कामाचे दिवस वर्षाला २३० धरा. रोज दोन तास म्हणजे ४६० तास. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर वर्षाला साधारण ५७ दिवस बिनपगारी नोकरी.

टवाळ
नवरोबा एवढे तास घराबाहेर राहणार म्हणजे तोटाच असं का गृहीत धरताय? समिधाताईंचं मत घ्या आधी. (हलके घ्या हो.)

समिधा
@टवाळ, नवरा वाचतोय हा धागा. म्हणाला, 'याचा पत्ता शोध.'

@गणित_कच्चं, तो आकडा फ्रिजवर लावला आहे. नवऱ्याचं म्हणणं असं की गाडीत बसायला मिळालं तर तो वाचन करेल. वाचन करणारा माणूस आत्ता अर्ध्या तासाच्या प्रवासात काय करतो ते मला माहीत आहे.

हिशेबनीस
भाव सांगायचे नाहीत हे ठीक, पण हिशेबाची रीत तरी सांगतो. लोक घराचा हप्ता घराच्या रकान्यात मांडतात आणि प्रवास 'इतर खर्चा'त. तिथेच फसगत होते. उपनगरात घर स्वस्त पडतं खरं, पण तिथे एकाची दोन वाहनं होतात. वाहन म्हणजे नुसतं इंधन नाही, विमा, दुरुस्ती, घसारा, जागा सगळं आलं.

अमेरिकेत 'सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी' नावाची संस्था आहे, ती घर आणि प्रवास हे दोन्ही एकत्र धरून परवडण्याचा निर्देशांक काढते. नेहमीचा ठोकताळा असा की घरावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत खर्च चालतो. त्यांचं म्हणणं, दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत बसवा. असं मांडलं की नुसत्या घरापुरत्या स्वस्त वाटणाऱ्या कितीतरी लांबच्या वस्त्या 'परवडणाऱ्या' यादीतून बाहेर जातात.

तुमच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: तिकडे गेल्यावर दुसरं वाहन घ्यावं लागेल का? 'हो' असेल तर जास्तीच्या खोलीतला बराच भाग त्या वाहनाने खाल्ला असं समजा.

कट्टेकरी
+१. मी म्हणालोच होतो. शहर.

निवांत_नाना
कट्टेकरी, तुम्ही दोन शब्द म्हणालात आणि आता श्रेय घेताय.

हिशेबनीस, आमच्याकडे दुसरं वाहन नाही. स्टेशन चालत आहे, बाजार चालत आहे. सगळी उपनगरं एका मापाने मोजू नका.

पायवाट
मी थोडं लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी.

वर सगळी चर्चा नोकरीला जाणाऱ्या माणसाभोवती फिरतेय. समिधाताईंच्या घरात चार माणसं आहेत. त्यातली दोन गाडी चालवत नाहीत, एक अजून लहान आहे म्हणून आणि एक आता वय झालं म्हणून. माझ्या मते घर कुठे घ्यायचं हे या दोघींचा दिवस बघून ठरवावं.

आम्ही शहराबाहेरच्या एका मोठ्या नव्या वसाहतीत राहायला गेलो तेव्हा मुलगा लहान होता. पहिली काही वर्षं स्वर्ग. खाली बाग, पोहण्याचा तलाव, फाटकाच्या आत सायकल. नाना म्हणतात तसं अगदी. मग तो तेरा-चौदाचा झाला. त्या वयात पोराला फाटकाच्या आतलं काहीच नको असतं. त्याला मित्राकडे जायचंय, क्लासला जायचंय, उगाच भटकायचंय. आणि फाटकाबाहेर काय? वेगाने वाहनं जाणारा रुंद रस्ता, पदपथ नाही, बस कधीतरी. त्याच्या प्रत्येक हालचालीला आमच्यापैकी एकाची गाडी लागायची. तो चिडायचा, कारण प्रत्येक वेळी परवानगी नाही तर चक्क वाहतूक मागावी लागायची. आम्ही चिडायचो, कारण शनिवार-रविवार स्टिअरिंगवर जायचा.

माझे वडील सोबत होते. शहरातल्या घरी ते सकाळी निघायचे, पेपर घ्यायचे, दोन ओळखीचे भेटायचे, बँकेत उगाच डोकवायचे आणि दमून घरी यायचे. वसाहतीत 'चालायला ट्रॅक आहे की' असं आम्ही त्यांना उत्साहाने दाखवलं. त्यांनी काही दिवस त्या ट्रॅकवर फेऱ्या मारल्या आणि सोडून दिलं. म्हणाले, 'जायचं कुठे ते सांग, मग चालतो.' चालणं त्यांना येत होतं, मुक्काम नव्हता.

आणि हा सगळा भार कोणावर आला हेही बघा. वडिलांना दवाखाना, मुलाला क्लास, येताना सामान, मध्येच पार्सल. घरून काम करणारा माणूस 'घरीच तर असतो' म्हणून हे त्याच्याकडे येतं. आमच्याकडे ती मी होते. समिधाताई, तुमच्याकडे कोण असेल ते तुम्हीच ओळखा.

फुलपाखरू
पायवाट, 'जायचं कुठे ते सांग' हे आजोबांचं वाक्य अचूक आहे. माझ्या आईला दाखवलं. म्हणाली, यांना माझा नंबर दे.

उंबरठा
पायवाट यांच्या प्रतिसादाला +१००.

घरून काम करणाऱ्याच्या मुद्द्यावर: व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात याचा मुद्दाम विचार करून एक वसाहत बांधली, फ्राउएन-वेर्क-श्टाट नावाची. आराखडा स्त्री-वास्तुविशारदांचा. घर सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो ते धरून बालवाडी, दवाखाना, औषधाचं दुकान वसाहतीतच आणि सार्वजनिक वाहतूक जवळ. अंगणं अशी की खेळणारी मुलं घरातून दिसावीत. आणि ही वसाहत मध्यवर्ती भागात नाही, शहराच्या बाहेरच्या जिल्ह्यात आहे. म्हणजे दोष अंतराचा नाही, आखणीचा आहे.

निवांत_नाना
बघा, उंबरठा माझ्या बाजूला आले!

उंबरठा
अर्धा पाय. उरलेला अजून बाहेर आहे.

एकटी_पण_मजेत
कुटुंबवाल्यांचं चालू आहे, त्यात माझे दोन शब्द. मी एकटी राहते. दोन्हीकडे राहून झालंय.

उपनगरात सोसायटी प्रेमळ होती. फारच प्रेमळ. मी किती वाजता आले, कोणासोबत आले, गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये कोण होतं, हे मला माझ्यापेक्षा चांगलं सांगणारी माणसं होती. आजारी पडले तेव्हा याच माणसांनी दार वाजवलं, औषध आणून दिलं, हेही खरं. पण बरी झाल्यावर त्यांनी 'आता लग्नाचं बघ' हेही सांगितलं.

भर शहरात मला कोणी ओळखत नाही, आणि हे मला हवं आहे. रात्री उशिरा आले तरी रस्त्यावर माणसं असतात, दुकानांचे दिवे असतात. उपनगरात स्टेशनापासून घरापर्यंतचा शेवटचा तुकडा झाडांचा, शांत आणि अंधारा होता. दिवसा त्याच रस्त्याचे लोक फोटो काढायचे. रात्री मी त्याच रस्त्यावर मुठीत किल्ली धरून चालायचे.

जाहिरातीत तो रस्ता नेहमी सकाळचा असतो.

तापमापी
झाडांचा विषय निघालाच आहे तर: भर शहर रात्री जास्त तापलेलं असतं ही आजकालची गोष्ट नाही. ल्यूक हॉवर्ड नावाच्या हौशी हवामान अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं की शहरातली रात्र बाहेरच्या खेड्यापेक्षा सरासरी सुमारे दोन अंश सेल्सियसने गरम असते. दिवसा मात्र त्याला फारसा फरक आढळला नाही, उलट शहर किंचित थंडच. दगड-विटा दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडतात. आता त्यात डांबर, काँक्रीट आणि एसीची भर.

तेव्हा उपनगरात रात्र थंड हा फायदा खराच. अट एकच, झाडं खरोखर हवीत. गाड्या लावायला मैदानभर फरशी घातलेली वसाहत असेल तर तिथे शहरापेक्षा वेगळं काही होत नाही.

टवाळ
म्हणजे घर बघायला जाताना थर्मामीटर, डेसिबल मोजायचं यंत्र, कॅल्क्युलेटर आणि एक आजोबा घेऊन जायचं. नोंद केली.

जुनी_पानं
थोडं अवांतर, पण विषयाशी जोडलेलं.

'उपनगर म्हणजे शांत, हिरवं, सुखवस्तू' हे चित्र जगभर सारखं नाही. ते कसं तयार झालं त्याच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक जपानची. ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो यांच्या रेल्वे कंपनीची लाईन १९१० साली सुरू झाली. ती ज्या भागातून जात होती तिथे फारशी वस्तीच नव्हती, मग प्रवासी कुठून आणणार? त्यांनी लाईनीच्या कडेला जमीन घेऊन घरं बांधली आणि हप्त्यांवर विकली. लाईनीच्या त्या टोकाला, ताकाराझुकाला, मुलींच्या संगीत-नाट्यपथकाचे प्रयोग १९१४ पासून सुरू केले. शहराच्या टोकाला स्टेशनातच पुढे १९२९ साली मोठं डिपार्टमेंट स्टोअर. म्हणजे सकाळी गाड्या शहराकडे भरून, सुट्टीला उलट्या दिशेने भरून. तिथे स्टेशन हा वस्तीचा मध्य असतो आणि सगळं त्याच्याभोवती.

दुसरी अमेरिकेची. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन उभं राहिलं. एकसारखी घरं, कारखान्यातल्या मालासारखी झपाट्याने बांधलेली, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वस्त कर्जावर. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला आणि मोटार धरूनच वस्त्या आखल्या जाऊ लागल्या. आणि त्या सुंदर लेव्हिटटाऊनमध्ये कृष्णवर्णीयांना घर विकत नसत. करारातच तशी अट होती. तेव्हा 'चांगला शेजार' हा शब्द जाहिरातीत वाचला की मी जरा जपूनच वाचतो.

पॅरिसमध्ये तर चित्र पुष्कळसं उलटं आहे. पैसेवाले आत आणि बाहेरच्या कितीतरी वस्त्यांत कामगार नि स्थलांतरित. तेव्हा प्रश्न शहर की उपनगर असा विचारण्याऐवजी 'कुठल्या जातकुळीचं उपनगर' असा विचारा: गाडीच्या रुळांवर वाढलेलं की महामार्गाच्या फाट्यावर टाकलेलं?

कट्टेकरी
धागा पॅरिसला पोचला. समिधाताईंचं घर अजून तिथेच आहे.

उंबरठा
नाही, जुनी_पानं यांनी गाठ सोडवली. नानांचं उपनगर रुळांवरचं आहे आणि पायवाट यांची वसाहत फाट्यावरची. म्हणून दोघेही खरं बोलताहेत आणि दोघांचे अनुभव उलटे आहेत.

निवांत_नाना
अगदी बरोबर. आणि आमचं उपनगर आम्ही आलो तेव्हा 'फार लांब' समजलं जायचं. आता त्याच्या पुढे कितीतरी वस्ती झाली आणि लोक आम्हाला म्हणतात, तुम्ही काय बुवा, शहरातच राहता.

जुनी_पानं
नाना, तसंच होतं. माँमार्त्र आणि बेलव्हिल १८६० पर्यंत पॅरिसच्या हद्दीबाहेर होते. आज पॅरिस म्हटलं की माँमार्त्रचाच फोटो लावतात.

चाळीसपार
पण याची दुसरी बाजू पण बघा. उपनगर शहर होतं तेव्हा ज्यासाठी तिकडे गेलो ते जातं. आमच्या बाल्कनीतून टेकडी दिसायची. आता समोरच्यांची बाल्कनी दिसते, आणि त्यांना आमची. माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण 'व्ह्यू' म्हणून जे विकत घेता ते समोरच्याच्या मोकळ्या जमिनीवर उधार असतं. समोरचा प्लॉट कोणाचा आहे आणि तिथे काय बांधायला परवानगी आहे, एवढं तरी विचारून घ्या.

रस्ताचुकला
अजून एक आश्वासन असतं: 'आत्ता वेळ लागतो, पण रस्ता रुंद होणार आहे.' यावर घर घेऊ नका.

ह्यूस्टनमधला केटी फ्रीवे जगातल्या सर्वांत रुंद रस्त्यांपैकी एक आहे. २००८ साली रुंदीकरण पूर्ण झालं, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ मार्गिका. काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास आधीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला. रस्ता मोकळा झाला की लोक आणखी लांब घरं घेतात, आधी न निघणारे निघू लागतात, आणि रस्ता पुन्हा भरतो. उलटंही घडलं आहे. सोल शहराने छंग्येछन ओढ्यावरचा उन्नत मार्ग पाडायला २००३ साली सुरुवात केली आणि २००५ मध्ये ओढा उघडा केला. वाहतूक ठप्प होईल असं भाकीत होतं, झाली नाही.

टवाळ
'प्रस्तावित स्थानक फक्त पाच मिनिटांवर' यात 'प्रस्तावित' हा शब्द किती मोठ्या अक्षरात छापलाय तेही बघून घ्या.

हिशेबनीस
आणि 'पाच मिनिटं' कोणाची? पहाटे तीनला गाडीने निघालेल्या विक्रेत्याची.

निवांत_नाना
एक मुद्दा माझ्या बाजूच्या विरुद्ध जातो, पण सांगितलाच पाहिजे. रात्री माझ्या छातीत दुखलं तेव्हा मोठं रुग्णालय शहरात होतं. रस्ता मोकळा होता म्हणून वेळेत पोचलो. तेच संध्याकाळी घडलं असतं तर काय, हा विचार आम्ही दोघं बोलून दाखवत नाही. सासूबाई सोबत असणार आहेत तर चोवीस तास डॉक्टर असलेलं, हृदयाचं काम करणारं रुग्णालय किती लांब आहे ते गर्दीच्या वेळी जाऊन पाहा.

फुलपाखरू
नाना, काळजी घ्या हो. आणि तरीही परत जायचा विचार आला नाही?

निवांत_नाना
नाही आला. माणूस रोज छातीत दुखण्यासाठी जगत नाही, रोज झोपतो मात्र.

एकटी_पण_मजेत
नानांचं हे वाक्य आवडलं, पण पटलं नाही. हृदयविकाराचा एक दिवस हा झोपेच्या सगळ्या दिवसांचा हिशेब मिटवू शकतो.

पायवाट
दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हा धागा संपत नाहीये. पण जागा उपनगरातच घ्यायची तर तिथे वस्ती, काम आणि बाजार हे तिन्ही आहे का ते बघायला हवं. स्टॉकहोमचं वेलिंगबी हे १९५४ साली उघडलेलं उपनगर याच तीन गोष्टी मेट्रो स्टेशनाभोवती एकत्र आणायच्या म्हणून बांधलं. तिथेही पुष्कळ लोक कामाला शहरातच जात राहिले. म्हणजे योजना कागदावर जशी होती तशी पूर्ण उतरली नाही. पण दिवसा वस्ती ओस पडली नाही, दुकानं चालली, म्हाताऱ्या माणसांना जायला ठिकाण राहिलं. माझ्या वडिलांना तेवढं पुरलं असतं.

कट्टेकरी
बरं, माझंही जरा सविस्तर लिहितो, नाहीतर नाना म्हणतील श्रेय घेतो.

मी शहर म्हणतो ते खोल्यांसाठी नाही. माझ्या घरात दोन माणसं एका वेळी वळू शकत नाहीत. पण ग्रंथालय, नाट्यगृह, मैदान, कट्टा हे सगळं माझ्या घराचाच विस्तार आहे. मी बैठकीच्या खोलीसाठी कर्ज काढलं नाही, ती शहराने बांधून ठेवली आहे. उपनगरात माणसाला सगळं घराच्या आत आणावं लागतं: व्यायामाचं यंत्र, मोठा टीव्ही, पाहुण्यांची खोली. म्हणून तिथे मोठं घर लागतं. आणि मोठं घर घेतलं की ते झाडायला वेळ लागतो, तो प्रवासाने आधीच खाल्लेला असतो.

मात्र समिधाताई, घरून काम करणाऱ्याला दार बंद होणारी खोली लागते, ते कट्टा देऊ शकत नाही. एवढं मान्य.

गणित_कच्चं
कट्टेकरींनी काहीतरी मान्य केलं. मॉडरेटर, धागा जपून ठेवा.

समिधा
एवढे दिवस नुसती वाचत होते. आता थोडं सांगते.

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून रविवारऐवजी मंगळवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला गेलो, चौघंही. (टवाळ, थर्मामीटर नेलं नाही, आजीला नेलं.) दोन जागा पाहिल्या.

पहिली फाट्यावरची, नवी. जागा अप्रतिम. मुलगी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, फक्त लावता येतं म्हणून. विक्री कार्यालयातला मुलगा फार चांगला बोलत होता. सासूबाईंनी त्याला विचारलं, 'पोस्टात जायचं तर कसं जायचं?' तो म्हणाला, आजी, आता सगळं ऑनलाईन होतं. त्या म्हणाल्या, 'मला पोस्टात काम नाही, जायचं आहे.' मग आम्ही फाटकाबाहेर आलो. रस्ता ओलांडायलाच आम्हाला जो वेळ लागला त्यात नवऱ्याचा उत्साह बराच उतरला.

दुसरी जुन्या उपनगरात, स्टेशनापासून चालत. इमारत जुनी, लिफ्टला स्वतःची मतं आहेत. एक खोली जास्त आहे पण तिला खोली म्हणायला मन मोठं लागतं. दार मात्र बंद होतं. खाली रस्त्यावर माणसं होती, बाकावर दोन आज्या बसल्या होत्या, सासूबाई त्यांच्याशी बोलायला थांबल्या आणि आम्हाला वर एकटंच जाऊन यावं लागलं. नवरा गाडीने परत ऑफिसला गेला. त्याला बसायला जागा मिळाली नाही, पण वाचन करणार होता त्या पुस्तकाचा उल्लेखही त्याने त्यानंतर केलेला नाही. जास्तीचा वेळ दोन तास नाही, तासाभराच्या आत येतो.

घरी आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं की तुमचं वाचनालय सुटेल, म्हणून आम्ही विचारात आहोत. त्या म्हणाल्या, 'माझ्यासाठी म्हणून ठरवू नका, मला विचारून ठरवा. दोन्हीत फरक आहे.' मग आम्ही विचारलं. त्यांचं मत दुसऱ्या जागेला आहे. मुलीचं पहिल्या जागेला. नवरा म्हणतो लिफ्टचं काय. मी अजून त्या खोलीत टेबल बसतं का ते मोजतेय.

पायवाट
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मुलीचं मत आत्ताचं आहे, चौदाव्या वर्षी तिला विचारलंत तर ती स्टेशनच म्हणेल. शाळा लगेच बदलणार का? बदलणार नसाल तर तिचाही प्रवास धरा. आणि बदलणार असाल तर मैत्रिणी तुटतात ते मोठ्यांना फार उशिरा दिसतं.

समिधा
शाळा हे वर्ष तरी तीच. तिचा बाबा सकाळी सोडेल, परतीचं अजून ठरत नाहीये. बहुतेक 'घरीच तर असते' ती व्यक्ती आणेल. पायवाट, तुमचा प्रतिसाद मी याच कारणासाठी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला.

हिशेबनीस
जुन्या इमारतीत घेत असाल तर लिफ्टच्या मतांबरोबर सोसायटीचे मागच्या काही वर्षांचे हिशेब बघा. दुरुस्तीसाठी निधी बाजूला टाकलाय का, पाण्याच्या टाकीचं काम कधी झालं, संरचनेची तपासणी झाली आहे का. आणि एकदा मुसळधार पावसात जा. स्टेशन ते घर हा रस्ता पाण्याखाली जातो का ते कोणताही नकाशा सांगणार नाही, बाकावरच्या त्या दोन आज्या सांगतील.

एकटी_पण_मजेत
आणि रात्रीही जा. शेवटची गाडी किती वाजता आहे?

समिधा
साडेअकरा. बघून ठेवलंय.

कट्टेकरी
म्हणजे नाटक लांबलं तर शेवटचा प्रवेश सोडून पळायचं.

निवांत_नाना
आम्ही दुपारचा प्रयोग बघतो. तिकीटही लवकर मिळतं आणि नटही ताजे असतात.